कडेचा खिळा

सकाळी सातला साताऱ्याहून ऋचाचा फोन आला. विष्णुपंत तेव्हा टेबलावरच्या बशीतलं पाणी बदलत होते.

"बाबा, आईला तिची फुलांची चकती हवीय. शेजारची पायल उद्या इकडं येतेय, तिच्याबरोबर द्या."

"मग इथली फुलं कशात उभी राहतील?"

"तिथं कोण लावतंय फुलं?"

शकुंतलाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्या अजून परतल्या नव्हत्या; आता तर बाळ रांगायला लागलं होतं. जाताना त्यांनी महिला मंडळात शिकलेल्या जपानी इकेबाना पद्धतीनं फुलं मांडून ठेवली होती. उथळ बशीत टोकदार खिळ्यांची जड चकती, तिच्यात रोवलेली एक उंच वाळकी फांदी, एक आडवी, खाली एक ठेंगणं फूल. डावी बाजू मोकळी. त्या मोकळ्या जागेत विष्णुपंत नेहमी झेंडू खोचायचे. "रिकामं बरं दिसत नाही," म्हणायचे. बाई तो काढून टाकायच्या. हल्ली फूल सुकलं की विष्णुपंत तेवढं बदलत. डावीकडं हात लावत नसत.

साड्या, चष्मा, औषधं एकेक करून आधीच गेली होती. चकतीही गेली, तर सांगलीच्या घरात बाईंचं न्यायचं काही उरत नव्हतं.

दुपारी स्कूटर काढून ते कुपवाडला गेले. चकती मुळात तिथल्या नाथाजीनंच आपल्या वर्कशॉपमध्ये करून दिली होती.

"आवं पंत, वैनींचं साळिंदर मोडलं व्हय?"

"नाही. तसंच आणखी एक हवं."

"येका घरात दोन साळिंदरं? लय टोचाटोची हुईल."

विष्णुपंत हसले नाहीत. नाथाजीनं हातातलं काम बाजूला सारलं.

"बसा. करतो."

दुसऱ्या दिवशी पायल नवी चकती घेऊन गेली. संध्याकाळी पुन्हा फोन.

"बाबा, आई म्हणतेय ही आपली नव्हे. आपल्या चकतीचा कडेचा खिळा वाकडा आहे."

विष्णुपंतांनी बशीत पाहिलं. पाण्याखाली तो खिळा तसाच होता.

"रागावली?"

"नाही. पुसून परत पुडक्यात बांधली. आणि विचारतेय, डावीकडं झेंडू खोचलाय का?"

"नाही म्हणून सांग."

ऋचानं सांगितलेलं त्यांना ऐकू आलं.

"काय म्हणाली?"

"पुडकं तिच्या पिशवीत ठेवतेय."

साताऱ्यात नवी चकती अजून पुडक्यातच आहे, तिच्यात फुलं लावलेली नाहीत, एवढं रविवारी ऋचाच्या फोनवर कळलं.