रस्ता उत्तम

माणूस एक वेळ उपाशी झोपेल, पण शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हटल्यावर त्याचा डोळा लागत नाही. हा रोग झोपडीतही असतो आणि माडीतही. फरक एवढाच, की माडीतल्या रोगाचं औषध बहुधा झोपडीतल्या माणसाच्या अंगातून काढलं जातं.

करंजवाडीच्या आबासाहेब पाटलांना हा रोग जडला तो किशनराव देशमुखांमुळे. निजामी अमलातली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. सेलूच्या बाजारात आबासाहेब आपल्या दमणीतून उतरत होते आणि मागून किशनरावांची मोटार आली. भोंगा वाजला. आबासाहेबांचे बैल बुजले, आणि त्या दिवसापासून आबासाहेबही बुजले.

महिनाभरातच मुंबईच्या एका दुकानाशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पत्रं वाचायची आणि लिहायची ती विष्णुपंतांनी. विष्णुपंत गावातल्या शाळेचे मास्तर. मोडी, उर्दू आणि गरजेपुरतं इंग्रजी जाणणारा आसपास दुसरा माणूस नव्हता. श्रावणात दुकानाकडून एक छापील कागद आला. त्यात नाव, गाव, स्टेशन, मोटारीचा रंग असं सगळं विचारलं होतं. पंत ओसरीवर बसून एकेक रकाना भरत होते. शेवटच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

"आबासाहेब, इथं विचारलंय, स्टेशनपासून घरापर्यंत रस्ता कसा आहे? खाली लिहिलंय, रस्ता कच्चा असेल तर मोटार दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर न्यावी. तोवर आम्ही मुंबईतच सांभाळू."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. सेलूहून वालूरपर्यंत सडक म्हणता येईल असं काहीतरी होतं. वालूरच्या पुढे करंजवाडीपर्यंत दोन कोस काळ्या रानातून नुसती गाडवाट, आणि मध्ये एक ओढा.

"लिवा, रस्ता उत्तम."

"पण आबासाहेब..."

"पंतोजी, मुंबईच्या मानसाला काय सांगायलाव, आमच्या गावाला रस्ता न्हाई म्हनून? दसऱ्याला मोटारीत बसून शीव वलांडायची हाय मला. लिवा."

पंतांनी लिहिलं. एकच शब्द, पण पुढचं सगळं त्या शब्दातून निघालं.

मोटार मुंबईहून आगगाडीच्या उघड्या डब्यावर निघाली. मनमाडला तिला मोठ्या रुळावरून उतरवून छोट्या रुळाच्या डब्यावर चढवलं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तिची तपासणी झाली. दसरा पाच दिवसांवर आला असताना ती सेलूच्या स्टेशनात उतरली. रंग गर्द निळा, आणि पत्रा असा लख्ख, की बघणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसावं. बरोबर दुकानाचा चालवणारा माणूस आला होता. त्याने वालूरच्या पुढचं रान नजरेखालून घातलं आणि कपाळाला हात लावला.

"रस्ता कुठं आहे?" त्याने विचारलं.

"हुईल," आबासाहेब म्हणाले.

रस्ता होणार कसा, हे गावात कुणाला सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी दवंडी फिरली. घरटी एक माणूस आणि असेल ती बैलजोडी, उद्यापासून पाटलाच्या वेठीला. निजाम हुजुरांनी वेठ बंद केली होती म्हणे. पण तो कागद हैदराबादेत होता आणि दवंडी करंजवाडीत होती!

आता त्या आठवड्याचं महत्त्व शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. हस्ताचा पाऊस उघडून चार दिवस झाले होते. काळ्या रानात पाय रुतू नये आणि बी तर रुजावं, एवढीच ओल उरते त्याला वाफसा म्हणतात. रब्बीची ज्वारी त्याच चार-सहा दिवसांत पेरायची. ऊन तापलं, वारा सुटला, की ओल खाली जाते. मग वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही गेले. आबासाहेबांची स्वतःची पेरणी सालगड्यांनी आधीच उरकली होती. गावाची राहिली होती.

सकाळी आश्रुबा ओसरीपुढे येऊन उभा राहिला. माळाच्या अंगाला आठ एकराचा तुकडा, बायको तानुबाई आणि एक बैलजोडी, एवढा त्याचा संसार. जोडीतला हौशा बैल त्याने घरच्या गाईखाली वाढवला होता. डोक्याचं पटकूर हातात घेऊन तो म्हणाला, "मालक, मला चार दिस सोडा. रान वाफशाला आलंय. पेरून झालं की मी आन माजे बैल, समदे तुमचेच."

"दसरा थांबंल का रं तुज्यासाठी?"

"दसरा दरसाली येतोय, मालक. वाफसा गेला की गेला."

"आन माज्या दारात मोटार कितीदा येनार हाय? जा, बैल घिऊन ये."

आश्रुबा गेला. विष्णुपंत तिथेच बसले होते. त्यांना राहवलं नाही.

"आबासाहेब, मोटार पंधरा दिवस सेलूला राहिली तर काय बिघडतं? ताडपत्री टाकू वरून. ती लोखंडाची आहे, तिला भूक लागत नाही."

"किशनराव हसंल."

"हसू द्या. किशनराव तुमच्या गावची ज्वारी पेरायला येणार नाहीत. आबासाहेब, एक सांगतो, राग मानू नका. कुणाचं धान्य नेलं तर धान्य परत देता येतं. पैसा नेला तर पैसा देता येतो. पण पेरणीचा दिवस नेला तर तो कुठून आणून देणार? चोराला निदान अंधाराची तरी गरज वाटते. वेठ म्हणजे आपण दवंडी पिटून चोरी करतोय!"

आबासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "पंतोजी, शाळंचं छप्पर दरसाली कोन शाकारतंय?"

पंत गप्प झाले. इथे त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. खरं बोलणं सोपं असतं. धमकी ऐकल्यावर पुन्हा एकदा तेच बोलणं अवघड असतं, आणि पंतांकडून ते झालं नाही.

तीन दिवस गाव राबलं. बाया डोक्यावरून दगड वाहत होत्या, पुरुष ओढ्याचा काठ तोडत होते. ज्यांच्या रानातून वाट सरळ जात होती, त्यांच्या रानातून ती सरळ काढली गेली. जो तो मधूनच वाकून मूठभर माती उचलायचा, चुरून बघायचा आणि खाली टाकायचा. माती रोज थोडी जास्त भुरभुरत होती.

चौथ्या दिवशी मोटार ओढ्यापाशी आली. इंजिन घुरघुरत होतं, चाकं जागच्या जागी फिरत होती. शेवटी चार बैलजोड्या सोलांनी, म्हणजे जाड दोरांनी बांधून तिला ओढायचं ठरलं. आश्रुबाची जोडी सगळ्यांत मागे, मोटारीच्या तोंडाशी होती. चढ अर्धा झाला आणि पुढचा सोल तुटला. पुढच्या तीन जोड्या मोकळ्या झाल्या. मोटार मागे घसरली आणि तिच्या ओढीने आश्रुबाचे बैल फरफटत खाली आले.

"मोटार! आरं मोटार धरा!" आबासाहेब ओरडले.

"हौशाऽ!" आश्रुबा ओरडला.

मोटार चिखलात अलगद टेकली. तिच्या चाकावरच्या पत्र्याला एक ओरखडा आला, तेवढाच. हौशाचा मागचा पाय मात्र मांडीपासून मोडला होता. तो उठायला बघत होता आणि पुन्हा पुन्हा बसत होता. आबासाहेबांनी आधी ओरखड्यावरून बोट फिरवलं, मग बैलाकडे बघितलं. हा क्रम सगळ्या गावाने पाहिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मोटारीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. आबासाहेब फेटा बांधून मागे बसले, चालवणाऱ्याने भोंगा वाजवला आणि गावाची शीव ओलांडून मोटार परत आली. एवढं करायला घटकाही लागली नाही. त्याच्यासाठी पाच दिवस गेले होते.

मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पाटलाला आपट्याचं सोनं द्यायला आला. पानं हातात ठेवायची, पायाला हात लावायचा आणि पुढे जायचं. कुणी मोटारीचं नावही काढलं नाही. आश्रुबा आला. त्याच्या नखांत ओली माती होती.

"सोनं घ्या, मालक. सोन्यावानी ऱ्हावा."

आबासाहेबांचं लक्ष त्या नखांकडे गेलं. "बैल कसा हाय रं?"

"सकाळी गेला. आत्ताच पुरून आलो."

"आन पेरनी?"

"एका बैलावर तिफन चालत न्हाई, मालक." तो साधंच बोलला. तक्रार नाही, रडणं नाही. पाया पडला आणि मागच्याला वाट करून दिली.

आबासाहेबांच्या हातात पानांचा ढीग झाला होता. ज्यांचे दिवस आपण नेले, तेच लोक आपल्याला सोनं देऊन, सुखी राहा म्हणून सांगत होते! त्यांना एकाएकी शरम वाटली, आणि इतकी वाटली की त्यांना खुर्चीवर बसवेना. "पंत!" ते ओरडले, "तुमी मला बांधून का न्हाई ठिवलं? आरं, माज्या गोठ्यातली समदी जनावरं सोडा! उंद्या दिस निघायच्या आत समद्या गावाच्या रानात तिफनी पायजेत!"

मनुष्याला पश्चात्ताप होतो, ही चांगली गोष्ट आहे. पण जमिनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब स्वतः आश्रुबाच्या रानात तिफण धरून उभे राहिले. तानुबाई चाड्यावर बी सोडायला आली. तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली, बोट घालून बघितलं.

"मालक, वल खाली गेली. बी वाया घालू नगा."

"बी माजं हाय. तू सोड, तानुबाई."

मोटारीसाठी जसा हट्ट होता, तसाच आता पश्चात्तापाचाही होता. तीन दिवसांत गावाची पेरणी झाली. आठवड्याने ओढ्याकाठच्या खोलगट रानात कुठे कुठे कोंब दिसले. माळाकडे काहीच नाही. आश्रुबाने पेरलेली ओळ उकरली. बी जसं टाकलं होतं तसंच कोरडं पडलं होतं.

आबासाहेबांनी आपलं ज्वारीचं पेव उघडलं. गावाने धान्य नेलं. न नेऊन करतात काय? आश्रुबा मात्र आला नाही. आबासाहेब त्याच्या दारात गेले तेव्हा तो बोचकं बांधत होता. उरलेला बैल त्याने मेव्हण्याकडे पाठवला होता.

"कुठं निघालास?"

"सेलूला. कापसाच्या जिनावर काम हाय म्हनतेत."

"मी बैल देतो. साल काढ हितंच. माजी जवारी हाय की."

"तुमची जवारी खाऊन प्वाट भरंल, मालक," आश्रुबा म्हणाला. "पन मी वाफशाच्या दिशी तुमच्या दारात उभा ऱ्हायलो हुतो. आता हितं बसून ते इसरता येईना मला."

तो गेला. तानुबाईने जाताना दाराला कडी घातली. कुलूप लावण्यासारखं आत काही नव्हतं. आश्रुबा पुन्हा गावात राहायला आला नाही. सेलूच्या स्टेशनात, जिथे मोटार उतरली होती, तिथेच तो कापसाच्या गाठी डब्यात चढवत असे.

आबासाहेबांनी करंजवाडीतली वेठ बंद केली. साऱ्या तालुक्यातली बंद व्हावी म्हणून कचेरीत दरखास्तही दिली. तिथल्या माणसाने ती वाचली, हसला आणि म्हणाला, "पाटीलसाहेब, रिवाज है." शेजारच्या गावांत वेठ तशीच चालू राहिली. मोटार ताडपत्रीखाली उभी राहिली.

पुढच्या श्रावणात मुंबईच्या दुकानाचं पत्र आलं. मोटार कशी चालते, काही तक्रार आहे का, रस्त्याचा त्रास होतो का? विष्णुपंतांनी ओसरीवर बसून कागद पुढे ओढला. मागचा तो शब्दही याच लेखणीने लिहिला होता.

"काय लिहू, आबासाहेब?"

आबासाहेबांनी ताडपत्रीकडे बघितलं. मग म्हणाले, "लिवा. मोटार चांगली हाय. मोटारीचा काय गुन्हा न्हाई. रस्ता न्हवता. मी खोटं लिवलं हुतं. मोटार आश्रुबाच्या पेरनीवरून आन त्याच्या बैलावरून आनली. मुंबईच्या मानसाला समजंल का न्हाई, मालूम न्हाई. तरी लिवा."

पंतांनी लिहिलं, आणि खाली स्वतःहून एक ओळ घातली: 'हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.'

बंधुभगिनींनो, मोटार घेणं पाप नाही. हौस करावी, जरूर करावी. पण आपली हौस घरी येते ती कुणाच्या पाठीवरून येते, एवढं दारात उभं राहून विचारावं, आणि आधी विचारावं. गेलेलं धान्य परत देता येतं, गेलेला वाफसा देता येत नाही. आणि चूक दिसत असताना गप्प बसणाऱ्याने स्वतःला शहाणा समजू नये. मुंबईहून त्या पत्राला उत्तर आलं नाही. त्या वर्षी हस्त चांगला बरसला, सगळ्या गावाची पेरणी वेळेवर झाली. माळाकडचा आठ एकराचा तुकडा तेवढा पडीक राहिला.