मांडीवरचं पुस्तक

सुचित्राबाईंनी कादंबरीचं पान खिडकीकडे तिरकं धरलं, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. डावा डोळा झाकला काय नि उघडा ठेवला काय, सारखंच होतं. काचबिंदूने तो केव्हाच नेला होता. आता उजव्यातही कडांकडून अंधार आत सरकत होता. मधे रुपयाएवढी जागा उरली होती, तिच्यातून एकेक शब्द टिपत त्या पुढे जात होत्या.

वाचायचं ते वाचून घ्या, वाचनाने काही बिघडणार नाही, असं डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. म्हणजे बिघडायचं ते बिघडून बसलं होतं. लेक गीतांजली पुण्याहून आली, आई-वडिलांच्या कामोठ्याच्या फ्लॅटमधून दोनदा फिरली आणि तिने निकाल दिला, की पॅसेजमधली पुस्तकांची कपाटं हलवायलाच हवीत. आईला भिंत धरून बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे. बेडरूममध्ये एक फळी राहील, तिच्यावर मावतील तेवढी पुस्तकं ठेवायची. बाकीची ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनालयाला. श्रावण संपला की टेम्पो येणार होता.

तेव्हा यंदाचा श्रावण सुचित्राबाईंनी आपल्यासाठी मागून घेतला. दरवर्षी तो नवऱ्याचा, श्यामसुंदररावांचा असे. बेलापूरच्या सरकारी कचेरीत होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही, महिनाभर रोज चौरंगावर पोथी मांडून ते ती सुरात वाचत. पोथीला श्रोता लागतो, नाहीतर वाचल्याचं फळ नाही, असं त्यांच्या आईने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सुचित्राबाईंना समोर बसावं लागे. त्या बसत. मांडीवर पदराखाली स्वतःचं पुस्तक उघडं ठेवत आणि अध्याय संपून सूर थांबला, की मान वर न करता ‘हं’ म्हणत. श्यामसुंदररावांना ते दिसत नसेल असं नाही. पण दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, घरात कधी आवाज चढला नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. बोलण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. मग सुचित्राबाई पुस्तकात शिरत आणि आतून कडी लावून घेत. सगळा संसार असा निभावला, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती ती आता, ते दार मिटत चालल्यावर.

महिन्याच्या सुरुवातीला निवड सोपी होती. जीव की प्राण होती ती पुस्तकं फळीवर, उरलेली गठ्ठ्यात. मग एकदा फोनवर गीतांजली म्हणाली, की हल्ली मोबाइलच पुस्तकं वाचून दाखवतो, मी लावून देईन. फोन स्पीकरवर होता. श्यामसुंदरराव पलीकडच्या खोलीतून म्हणाले,

“मोबाइल कशाला? मी आहे ना. मी वाचून दाखवीन.”

बिचाऱ्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून सुचित्राबाईंना प्रत्येक पुस्तक नवऱ्याच्या आवाजात ऐकू यायला लागलं. त्यांची लाडकी पुस्तकं बहुतेक एकाच जातीची होती. कुणी बाई घर सोडून जाते, कुणी सोडत नाही आणि आतल्या आत वाळते. ती यांच्या तोंडून ऐकायची? फळीवरून एकेक लाडकं पुस्तक उतरून गठ्ठ्यात गेलं. त्यांच्या जागी प्रवासवर्णनं आली, विनोदी लेख आले, पाककृतींचं एक जाडजूड पुस्तकही आलं. गीतांजलीला फोटो पाठवला तेव्हा तिने विचारलं, की आई, हे तू कधीपासून वाचायला लागलीस?

हातातली कादंबरी त्यांनी शेवटाला ठेवली होती. पाठीला चिकटपट्टी लावलेली, पानं पिवळी पडलेली. एकदा पुरी वाचायची आणि आपल्या हातांनी गठ्ठ्यात बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं. आज अमावास्या. थोडीच पानं उरली होती, आणि रुपयाएवढी ती जागाही गढूळ झाली. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यात थेंब घातले, थोडं थांबून पाहिलं. ओळी काही परत आल्या नाहीत.

यंदा श्रोत्याविनाच पोथीची समाप्ती करून, कपाळाला गंध लावून श्यामसुंदरराव बाहेर आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

“काय झालं?”

“दिसत नाहीये.”

 ते शेजारी येऊन बसले.

“किती राहिलंय?”

“थोडंच. राहू द्या.”

“लावलेलं वाचन अर्धवट ठेवू नये. वाचणाऱ्याला जमलं नाही तर घरातल्या दुसऱ्याने पुरं करायचं असतं.”

सुचित्राबाईंनी पुस्तक क्षणभर घट्ट धरलं. श्यामसुंदररावांनी ते हलकेच ओढून घेतलं.

त्यांना वाचायचा एकच सूर ठाऊक होता. कादंबरीतल्या पोस्टमास्तरच्या बायकोने स्टोव्ह पेटवला, दूध उतू गेलं, हे सगळं ते ओवीसारखं आळवून वाचू लागले. प्रकरण संपलं तेव्हा सवयीने ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ही म्हणून टाकलं. एरवी सुचित्राबाईंना हसू आवरलं नसतं. पण पुढच्या पानावर काय आहे हे त्यांना पाठ होतं.

“पुरे आता. चहा टाकते,” त्या म्हणाल्या.

पान उलटल्याचा आवाज आला.

“‘तो वाईट नव्हता,’” श्यामसुंदररावांनी सूर धरला. “‘तो नुसता समोर असायचा. आणि तो दिसू नये म्हणून ती पुस्तक उघडायची.’”

सूर तुटला. समासातल्या पेन्सिलीच्या रेघेवरून नख फिरल्याचं सुचित्राबाईंना ऐकू आलं.

“ही रेघ तुझी?”

“हो.”

“कधीची?”

“गीतांजली रांगत होती तेव्हाची.”

श्यामसुंदररावांनी घसा साफ केला. राहिलेली पानं त्यांनी वाचून पुरी केली, पण सूर पुन्हा लावला नाही. नंतर चहा त्यांनीच केला. साखर जास्त पडली होती. दोघांनीही तो तसाच संपवला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, गठ्ठे गेले, कपाटं गेली. पॅसेज एवढा मोकळा झाला की सुचित्राबाईंच्या चपलांचा आवाज त्यांनाच परका वाटला. दुपारी त्या पलंगावर बसल्या होत्या. समोर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“पोथी संपली ना तुमची?” त्यांनी विचारलं.

“संपली. गठ्ठ्यातलं एक मी काढून घेतलंय.”

कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही. पुस्तक उघडताना पाठीची जुनी चिकटपट्टी करकरली. श्यामसुंदररावांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कचेरीतला कागद वाचावा तसे ते सावकाश, सपाट आवाजात वाचत होते, एकही शब्द गाळत नव्हते. सुचित्राबाईंचा हात सवयीने पदराखाली गेला. मांडी रिकामी होती.

पहिलं प्रकरण संपलं. पोथी वाचताना थांबत तसेच ते थांबले, त्यांच्या ‘हं’ची वाट पाहत. संसारात पहिल्यांदाच सुचित्राबाईंनी शब्दन्‌शब्द ऐकला होता. आणि ‘हं’ काही केल्या तोंडातून निघेना.