एकशे चाळिसाव्या पानापासून

लोर्ना हापालाने सात वर्षं कॅनडातल्या थंडर बेच्या थंडीत स्कूलबस चालवली आणि मुलं शाळेत उतरली की त्याच बसमध्ये बसून रहस्यकादंबरी लिहिली. प्रकाशकांनी साधं 'नाही' म्हणायचीही तसदी घेतली नाही. गेले खड्ड्यात! स्वतःच छापायचं ठरलं. फक्त आधी चांगल्या संपादकाच्या हाताखालून जायला हवं होतं, आणि त्यासाठी जवळ होते बाराशे डॉलर.

संपादक दहा पानं फुकट तपासून देतात. त्यावरून आपण माणूस निवडायचा, त्याने भाव सांगायचा. लोर्नाने तिघांना पहिली दहा पानं धाडली. एकाने इतकी स्तुती केली की तिलाच शंका आली. मागितले तीन हजार. दुसरा तीनशे डॉलरांत, तीन दिवसांत उरकणार होता. तिसरीचा, विनिपेगच्या विनी ओकिमॉचा, थेट फोन आला.

"बाई, ही पानं किती वेळा लिहिलीत?"

"चाळीसेक वेळा."

"वाटलंच. पाहुण्यांची खोली दाखवलीत, आता स्वयंपाकघर दाखवा. एकशे चाळीसपासून दहा पाठवा."

लोर्नाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "समजते कोण ही स्वतःला!"

"पाठव की," नवरा रेयो सँडविच चावत म्हणाला. "घाबरतेस कशाला?"

"मी? घाबरते?" तिने पाठवली.

दुसऱ्या दिवशी पानं परत आली ती लालभडक होऊन. एका कडेला लिहिलं होतं: 'हा हवालदार एकशे एक्केचाळीसवर मेला. एकशे सेहेचाळीसवर कॉफी कसा पितोय?'

लोर्ना खो खो हसली. मग तिला संताप आला. सात वर्षं ओळखीचे सगळे 'छान, छान' करत होते, वाचलं कुणीच नव्हतं!

तिने फोन लावला. "भाव बोला."

"सगळं करायचं तर सव्वीसशे."

"बाराशे आहेत."

"घासाघीस करताय?"

"नाही. आहे ते सांगतेय."

विनी म्हणाली, "मग वाक्यांना हात लावणार नाही. सगळी कादंबरी वाचेन आणि कुठे काय मोडलंय ते पत्रात लिहीन. डागडुजी तुमची. आणि गोड बोलणार नाही हं."

"गोड बोलणारा तीन हजार मागतो," लोर्ना म्हणाली आणि बाराशे पाठवून मोकळी झाली.

महिन्याने एकोणीस पानी पत्र आलं. पहिलीच ओळ: 'खुनी कोण ते मला साठाव्या पानावर कळलं.'

लोर्नाने एक सणसणीत शिवी हासडली, बसचं इंजिन बंद केलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.