कडेची खुर्ची

"दे ती वही इकडे," म्हणत ग्लेनने माझ्या अंगावरून हात लांब केला आणि ओरिनच्या मांडीवरची वही ओढलीच. ओरिनच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

नववा, म्हणजे शेवटचा, डाव नुकताच संपला होता आणि आमचा बेसबॉलचा संघ, टॅनर्स, पुन्हा हरला होता. त्यातही कॉर्विनकडून! ऑगस्टच्या मध्याला आम्ही विभागात सहा सामन्यांनी पुढे होतो. मग कॉर्विन आणि हार्लो, हे दोन शेजारगावचे संघ एकामागून एक अंगावर आले. घरच्या मैदानावर नऊ सामने झाले, त्यातले सात आम्ही हरलो आणि आता कॉर्विन आमच्यापुढे एका सामन्याने गेलं होतं. उरले होते चार, तेही कॉर्विनशीच.

"हे बघा, हे बघा!" ग्लेन पानं उलटत ओरडला. ग्लेन डुबेक छपरं दुरुस्त करायचा. चढण्याउतरण्यात आयुष्य गेल्यामुळे बोलताना तो नेहमी वरून खाली बोलायचा. "एकवीस तारीख, जिंकलो. कोपऱ्यात काय लिहिलंय? 'रेडिओवरून.' म्हणजे हा इथे नव्हता. एकोणतीस, जिंकलो. परत 'रेडिओवरून'! बाकीचे सात दिवस महाराज इथे ठाण मांडून बसले आणि सातही दिवस आपली वाट लागली."

"अगं बाई! खरंच की," लुसिल म्हणाली. तिचा नवरा मार्व्ह शेंगदाण्याची टरफलं थुंकत नुसताच मान हलवत होता. लुसिलला पटलं की त्याला पटायचंच.

"पांढऱ्या पायाचा आहेस तू, ओरिन."

"त्या दोन्ही दिवशी पंप बसला होता रे," ओरिन म्हणाला. "अर्ध्या गावाला पाणी नव्हतं."

"मग आता आणखी चारदा बसू दे."

सगळे हसले. ओरिनही हसला, त्याला वाटलं थट्टा चाललीय. ग्लेन हसत नाही हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

ओरिन टास्कर गावच्या पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचा. दिवसभर त्या पंपघरात एकटा. बायको, एडा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिसऱ्या बेसच्या मागची सातवी रांग आणि तिथले आम्ही चौघं, एवढाच त्याचा गोतावळा. सव्वीस वर्षं त्याने प्रत्येक घरच्या सामन्याची वही लिहिली होती, डावागणिक धावा आणि बाद. येता आलं नाही तर रेडिओ ऐकून लिहायचा. त्याच्या पेन्सिलीमागचं गुलाबी रबर कधी झिजायचं नाही. चूक झाली तर तो त्यावर एक बारीक रेघ मारायचा, खालचं वाचता यायला हवं म्हणून. "झालं ते झालं, पुसायचं कशाला," म्हणायचा.

आता माझं सांगते. मी नोरीन, तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात पोरांच्या ताटात बटाटे वाढले. माझी खुर्ची ओरिनच्या शेजारची. आणि ग्लेनने ज्या दोन तारखा वाचल्या, त्या दोन्ही दिवशी मीसुद्धा नव्हते. एकवीसला दाढ दाखवायला गेले होते, एकोणतीसला ती उपटायला. मी असले काय, नसले काय, लुसिलला आठवत नव्हतं, मार्व्हला नाही, ग्लेनला तर नाहीच. रांगेत एक बाई असते, तिच्यावरून हात लांब करून पलीकडची वही ओढता येते, एवढीच माझी नोंद.

ओरिनने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, मीच त्याला सांगितलं होतं. तीस तारखेला त्याने मला बरणीतून मुरवलेले पीच आणून दिले होते, चावायला त्रास नको म्हणून. तो आता बोलणार म्हणून मी पदराआड... छे, आमच्याकडे कुठला पदर, टोपी डोळ्यांवर ओढून बसले. तो ग्लेनकडे वळला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"चारच सामने रे. टीमसाठी."

"वाहनतळावर गाडीत बसलो तर चालेल?"

ग्लेनने मोठ्या मनाने परवानगी दिली. ओरिनने वही घेतली, खुर्चीखालची गादी घेतली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, गादी परत ठेवली. "नोरीन, तुझा गुडघा दुखतो ना. तू बस कडेला. पाय लांब करता येईल," म्हणाला. आणि मी बसले. वर्षानुवर्षं त्या खुर्चीवर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू.

पहिला सामना आम्ही जिंकलो. ग्लेनने रांगेतल्या रांगेत नाच केला. "बघितलंत? म्हटलं नव्हतं?" त्या दिवशी मलाही हायसं वाटलं. मी खुर्चीवर होते, तरी जिंकलो होतो. म्हणजे दोष माझा नव्हता. मग माझ्या डोक्यात आलं की तो ओरिनचाही नसेल, पण तो विचार मी तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी, सातव्या डावात, मी सॉसेजच्या रांगेत उभी होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मोहरीची चटणी जास्त घे, आज फिकी आहेत."

ओरिन! डोक्यावर शेतावरची गवती टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. उजव्या कुंपणाजवळच्या बाकांचं तिकीट काढून पहिल्या डावापासून आत बसला होता.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ग्लेनने बघितलं तर सोलून काढेल!"

"नोरीन, तीन धावांनी पुढे आहोत आपण," तो म्हणाला. हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. "मी आत आहे आणि आपण पुढे आहोत. हरलो तर मी गुपचूप निघून जातो, कुणाला कळायचं नाही. पण जिंकलो तर तू सांग त्यांना. मी सांगितलं तर खोटं वाटेल. तू मला बघितलंस. सांगशील ना?"

"सांगते की."

"पहिल्यापासून होतो म्हणून सांग. आणि हे बघ, तिकीट." त्याने अर्धं फाडलेलं तिकीट माझ्या हातात दिलं.

जिंकलो. तीन धावांनीच. आम्ही विभागात एका सामन्याने पुढे गेलो. लुसिलने माझ्या गळ्यात हात टाकला, मार्व्हने त्याच्या शेंगदाण्याची अख्खी पिशवी माझ्यापुढे केली. ग्लेन म्हणाला, "पनवती गेली आणि नशीब उघडलं. तो ओरिन नसता ना गेला, तर मी एकेकाला तपासणार होतो. नोरीन, तुझ्यापासून सुरुवात करणार होतो हं!" पुन्हा हशा पिकला. तिकीट माझ्या खिशात होतं. मी शेंगदाणे खाल्ले आणि टरफलांबरोबर ते तिकीटही मुठीत चुरगळून खुर्चीखाली टाकलं.

बाहेर पडताना ओरिन फाटकाशी उभा होता. आमच्याकडे बघत, हात अर्धवट वर करून. ग्लेन त्याच्याजवळून जाताना म्हणाला, "शाबास, असाच बाहेर राहा." ओरिनने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाचा बंद बांधायला खाली वाकले. गुडघा दुखत असताना वाकले.

तिसरा सामना मात्र हरलो. सपाटून मार खाल्ला, अकरा-एक. पुन्हा बरोबरी. आता सगळं शेवटच्या सामन्यावर. ग्लेनचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. मला वाटलं, आता संपलं, ओरिन नसतानाही हरलो, आता हा माणूस ताळ्यावर येईल. कसला येतो! तडक वाहनतळावर गेला, मागे आम्ही तिघं. ओरिनची जुनी निळी गाडी कुंपणाला लागून उभी होती. वही स्टिअरिंगवर टेकवून तो सामन्याची बेरीज करत होता. ग्लेनने काचेवर टकटक केली.

"रेडिओ ऐकत होतास?"

"त्याशिवाय लिहिणार कसं?"

"म्हणजे कानाने आतच आहेस की! बघा, चोर सापडला. उद्या रेडिओसुद्धा नको. घरी जा, गवत काप, काहीही कर."

"आणि वही?" ओरिनने विचारलं. "ग्लेन, सव्वीस वर्षांत एकही पान कोरं नाही."

"नोरीन लिहील. आणि नोरीन, ती वही उद्या सामन्यानंतर माझ्याकडे दे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बघतो. पुढच्या वर्षी कोण कुठे बसतो ते त्यावरून ठरवू."

ओरिनने काचेतून वही माझ्या हातात दिली, वर नवी कोरी पेन्सिल, टोक केलेली. गवती टोपी मागच्या सीटवर पडली होती. "कालचं त्यांना सांगितलंस का?" एवढंच त्याने हळू विचारलं.

"वेळच मिळाला नाही बघ."

"असू दे," तो म्हणाला.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी वही उघडली, खुणा समजून घ्याव्यात म्हणून. शेवटच्या पानांवर पाच उभ्या रेघा होत्या, आमच्या पाच खुर्च्यांच्या. प्रत्येक सामन्याला कोण आलं, कोण नाही. सामना चुकला की दुसऱ्या दिवशी ओरिन विचारायचा, काल कोण कोण होतं, आणि आम्ही म्हणायचो, याला कशाला नसत्या चौकशा! त्या नसत्या चौकशा इथे होत्या. मार्व्हचं ऑपरेशन. लुसिलची बहीण गेली तो आठवडा. आणि माझ्या रेघेत, एकवीस तारखेसमोर: 'नोरीन नाही. दाढ.' एकोणतीससमोर: 'नोरीन नाही. दाढ काढली. पीच न्यायचे.'

म्हणजे त्या दिवशी त्याच्या हातात सगळं होतं. एक पान उलटायचं आणि ग्लेनच्या नाकासमोर धरायचं, बस. माझ्यावर शेकलं असतं आणि तो सुटला असता. मला रडू आलं, आणि रडू येत असतानाच मी काय केलं ते सांगते. पेन्सिल उलटी धरली. आधी एकवीस पुसली, मग एकोणतीस. त्याने दाबून लिहिलं होतं, जाता जाईना. कागद पातळ होईपर्यंत घासलं. मग दोन्ही ठिकाणी हजेरीची बरोबरची खूण केली, त्याच्यासारखीच, शेपटी लांब काढून. वर एक टोस्ट खाल्ला.

शेवटचा सामना आम्ही जिंकला. नवव्या डावात दोन आउट झाले असताना एका नवख्या पोराने चेंडू असा टोलवला की कॉर्विनचे लोक नुसते मान वर करून बघत राहिले. विभाग आमचा! अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मी कडेच्या खुर्चीवर उभी राहून ओरडत होते आणि शेवटचे दोन डाव वहीत लिहायचे राहून गेले. मग आठवलं तसं, अंदाजाने भरले.

ग्लेनने तिथल्या तिथे वही चाळली. मागच्या पानांवर आला, बोट फिरवत खाली गेला. "बाकी कुणाचं काही जुळत नाही," तो म्हणाला. "ओरिनच. लेखी पुरावा आहे."

गर्दी ओसरत आली तेव्हा ओरिन पायऱ्या चढून आला. पंपघरातल्या कपड्यांत होता. गाड्यांचे हॉर्न ऐकून कळलं म्हणाला. ग्लेनने त्याला कवटाळलं. "तुझ्यामुळे जिंकलो रे बाबा! पुढच्या वर्षी ये हं, जरूर ये. फक्त कॉर्विन आणि हार्लो नसतील तेव्हा."

"म्हणजे वर्षातून कितीदा?" मार्व्हने विचारलं आणि लुसिल खो खो हसत सुटली. मीही हसले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ओरिनने वही हातात घेतली. आधी आजचं पान बघितलं. शेवटचे दोन डाव मी चुकीचे भरलेत हे त्याला कळलं असणार, पण तो म्हणाला, "अक्षर छान आहे तुझं." मग सवयीने मागची पानं उघडली. त्याचा अंगठा कागदावरून खाली सरकत गेला आणि जिथे कागद खरखरीत झाला होता तिथे थांबला. थोडं खाली गेला, पुन्हा थांबला. त्याने वही तोंडाजवळ नेली आणि पानांच्या घडीत अडकलेला गुलाबी चुरा हलकेच फुंकून टाकला.

"कडेला बरं पडतं ना गुडघ्याला?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तूच बस तिथे."

त्याने हात पुढे केला. मला वाटलं, निरोप घेतोय, म्हणून मी माझा हात दिला. "पेन्सिल," तो म्हणाला. मी दिली. रबर पार झिजून भोवतीचा पत्रा उघडा पडला होता. ओरिनने ती नेहमीसारखी शर्टाच्या खिशात खोचली, टोक खाली, पत्रा वर, आणि एकेक पायरी उतरत फाटकाकडे गेला.