आडवा पडलेला बोया

त्या काळी कोझुमेलच्या धक्क्यावरून हवेची टाकी पाठीला बांधून पाण्यात उतरणाऱ्या बायका म्हणजे पाहुण्याच. आमच्या बेटावरची एकही नव्हती. माझी लेक आदेलिना पहिली झाली असती.

ती एकोणीस वर्षांची होती. माझा धाकटा भाऊ विल्बेर्थ पाहुण्यांना पाण्याखालची प्रवाळाची भिंत दाखवायला नेई आणि माझा नवरा गास्पार वर होडी चालवी. आमच्या पाण्याला ओढ अशी की माणूस उतरतो एका जागी आणि वर येतो मैलभर उत्तरेला. नांगर टाकून वाट बघता येत नाही. खालच्या माणसांचे बुडबुडे वर येतात, त्यांच्या मागे मागे होडी न्यावी लागते. यात गास्पारचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाण्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "हे विल्बेर्थचे. कासवासारखा श्वास घेतो. आणि हे त्या जाड्या पाहुण्याचे. पातेल्यात घेवडा रटरटतोय नुसता."

म्हणून विल्बेर्थने बोयाचा विषय काढला तेव्हा गास्पारला हसू आवरेना. बोया म्हणजे दोरी लावलेली लांबट पिशवी, खालून उघडी. पाण्याखाली तिच्यात हवा भरून सोडली की ती वर येऊन उभी राहते आणि होडीवाल्याला कळतं, माणूस इथे आहे.

"माझे डोळे गेलेत का? मासे हसतील तुला."

"दाजी, समुद्र तुमच्या डोळ्यांना विचारून चालत नाही," विल्बेर्थ म्हणाला. "पोरगी शिकतेय तर नीट शिकू दे."

विकतचा बोया तेव्हा बेटावर मिळत नव्हता. मी गास्पारचा जुना नारिंगी रेनकोट उसवला, दुहेरी शिवण घातली आणि शिवणीवर सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन लावलं. कपडे धुवायच्या दगडी कुंडीत बुडवून, हवा भरून, कान लावून ऐकलं. कुठे फुसफुस नव्हती.

शिकवणी आधी आमच्या परसात झाली. विल्बेर्थ खुर्चीवर उलटा बसला होता आणि आदेलिना मातीत गुडघे टेकून.

"दोरीचं रीळ अंगाला अडकवायचं नाही. अडकवलंस तर पिशवी तुलाच घेऊन वर जाईल, कांद्याच्या जुडीसारखी. हातात धर. लांब धर. आता पिशवीचं तोंड उघड, खालून हवा सोड. पुरे! अगं, वाढदिवसाचा फुगा नाहीये तो!"

"मामा, मग सोडू?"

"वर बघ आधी. कुणाची होडी डोक्यावर असेल तर?"

"वर पेरूचं झाड आहे."

"मग पेरूला सांभाळ."

नंतर आठवडाभर रोज सकाळी धक्क्याजवळ. डिसेंबरचं पाणी, आरशासारखं. मी धक्क्यावर उभी असायची. मला पोहता येत नाही. खालून काहीतरी नारिंगी चमकायचं, मग बोया झपकन वर येऊन ताठ उभा राहायचा आणि त्याच्या मागून आदेलिनाचं डोकं.

"आई, बघ! बाबांपेक्षा ताठ आहे!"

मी टाळ्या वाजवायची.

एक गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. खालून उघडा असलेला बोया कुणीतरी दोरीला खाली ओढून धरलं तरच लाटांत उभा राहतो. दोरी सैल पडली की तो कलंडतो आणि हवा निसटते. विल्बेर्थचा हात ती दोरी आपोआप ओढून धरायचा. सांगायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि संथ पाण्यात तशी वेळही आली नाही.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ती पहिल्यांदा कामावर गेली. विल्बेर्थ पुढे, मध्ये चार अमेरिकन पाहुणे, सगळ्यांत मागे आदेलिना. तिचा पहिला दिवस म्हणून मीही होडीवर चढले, मांडीवर केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या तामालेसची टोपली घेऊन. आभाळ दाटलेलं होतं आणि उत्तरेचा वारा सुटत होता. ओढीच्या समोरून वारा आला की आमचं पाणी उभं राहतं.

"तू खायचं बघ, फिदेलिया," गास्पार म्हणाला. "समुद्राचं मी बघतो."

ती माणसं उतरली. अर्धा तास तो बुडबुड्यांमागून होडी नेत होता. लाटांच्या फेसात मला तर एकही बुडबुडा दिसेना. मग दूर, डाव्या बाजूला, एक नारिंगी रेघ उभी राहिलेली दिसली. मी उठले. कपाळावर हात धरून बघितलं.

"गास्पार, तिकडे काहीतरी आहे."

त्याने मानही वळवली नाही. "कोळ्यांचा असेल. माझी माणसं माझ्या खाली आहेत."

तो रंग माझ्या हातातून गेला होता. त्या रेनकोटाची एकेक सुरकुती मला पाठ होती. तरी वाटलं, इतकी वर्षं हा समुद्रावर काढतोय, मी काय सांगणार? रेघ वाकली. पुन्हा उभी राहिली. मग आडवी झाली आणि लाटांत दिसेनाशी झाली. मी खाली बसले.

पाच-सात मिनिटांनी विल्बेर्थ होडीच्या कडेलाच वर आला. बुडबुडे अगदी बरोबर होते. त्याच्यामागे एक, दोन, तीन, चार पाहुणे. विल्बेर्थने तोंडातली नळी काढली, गोल वळून बघितलं.

"आदेलिना वर आली ना?"

शेवटच्या पाहुण्याच्या पायातला पोहायचा रबरी पंखा निसटला होता. तो पकडायला ती मागे वळली आणि ओढीने तिला भिंतीच्या पलीकडे नेलं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बोट दाखवत होते.

"तिकडे! तिकडे होती ती!"

"मग ओरडली का नाहीस?" गास्पार ओरडला. आणि लगेच, खालच्या आवाजात, "सांगितलंस तू. सांगितलं होतंस."

तिथे गेलो तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्या होड्याही आल्या. पुरुष एकमेकांना ओरडून दिशा सांगत होते, मोटरी बंद करून कान देत होते. मला करण्यासारखं काही नव्हतं. टोपली मांडीवर घट्ट धरून मी मनात पुन्हा पुन्हा तीच शिवण घालत होते. कुठे टाका सुटला असेल? सोल्यूशन कुठे कमी पडलं? पाहुण्यांपैकी एक बाई माझ्या पाठीवर हात फिरवत काहीतरी बोलत होती. मला तिचा शब्दही कळत नव्हता.

पाच वाजता बेटाच्या उत्तर टोकापलीकडे शंख काढणाऱ्या एका होडीला ती सापडली. सहा तास ती पाण्यात होती. ओठ काळेनिळे, दोरी हाताला इतकी गुंडाळलेली की सुरीने कापावी लागली.

घरी आणून मी तिला दोन गोधड्यांत बसवलं आणि कोको केला. गास्पार दाराशी उभा होता. कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली,

"आई, मी तुला बघितलं. तू उभी होतीस, कपाळावर हात धरून. अगदी माझ्याकडेच बघत होतीस. तुला दिसावा म्हणून मी बोया हाताने वर उचलला, तर तो लुळाच पडला. परत फुंकून भरला, परत पडला. मी ओरडत होते. तुला मी दिसलेच नाही?"

"डोळ्यांवर ऊन होतं गं," मी म्हणाले.

त्या दिवशी ऊन नव्हतं. गास्पारने माझ्याकडे बघितलं आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आदेलिनाने मान हलवली आणि कोको प्यायली. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही. आता मेरिदा शहरात असते, नातवंडं आहेत तिला. हा प्रश्न तिने मला पुन्हा कधी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी तो बोया कुंडीत बुडवला, हवा भरली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिले. एक तरी बुडबुडा सुटावा म्हणून कितीतरी वेळ वाकून बघत होते. एकही सुटला नाही.