फळ्यांची गिरणी

होळी होऊन गेली आणि रंजनाची ड्युटी सूर्यमाळच्या गाडीवर लागली. सकाळी जव्हार डेपोतून निघायचं, मोखाडा, खोडाळा करत वर सूर्यमाळला जायचं आणि दुपारी त्याच वाटेने परत. या गाडीवर कंडक्टरला नुसती तिकिटं काढून भागत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुणी औषधाची पिशवी हातात देई, कुणी खोडाळ्यातल्या मेव्हण्यासाठी टोपलीत झाकलेला कोंबडा. निरोप तर प्रत्येक थांब्यावर. पाड्यांवर फोनला रेंज नाही, त्यामुळे एसटी हाच फोन.

खोडाळ्याचा बाजार होता त्या दिवशी माघी गाडीत होती. सूर्यमाळच्या अलीकडे, रस्त्यापासून खाली उतारावर तिचा पाडा. परत येताना खोडाळ्याच्या नाक्यावर ड्रायव्हर गौतमभाऊंनी गाडी थांबवली, कारण समोरून एक ट्रॅक्टर वाडा गावाच्या रस्त्याला वळत होता. ट्रॅक्टरच्या मागे दोन चाकांचा लांबच लांब गाडा, त्यावर लोखंडी रूळ, आणि रुळांवर ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. माघीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"बाय, त्या कय?"

रंजनालाही माहीत नव्हतं. गौतमभाऊंनी मागे न बघता सांगितलं, "लाकूड कापायचं मशीन आहे ते. आरा. झाड जिथे पडलं असेल तिथे घेऊन जातात आणि तिथेच फळ्या पाडतात."

गाडा दिसेनासा झाला तरी माघीची मान तिकडेच.

पुढच्या खेपेला ती थांब्यावर उभी होती. हातात पिशवी नाही, टोपली नाही. रंजनाने दार उघडलं.

"ये, चढ."

"चढायचा नाय. बाय, गिरणी दिसली का?"

"कसली गिरणी? पिठाची?"

"नाय गं. फळ्यांची."

गाडीत हशा पिकला. रंजनाने डबल बेल मारली. पण माघी त्यानंतर रोज तिथे दिसू लागली. गाडीची वेळ झाली की रस्त्यावर येऊन उभी राहायची. गाडी थांबली की एकच प्रश्न, आणि "नाही" ऐकलं की मान हलवून उतारावरून खाली. रंजनाला आधी वैताग आला. एका प्रश्नासाठी रोज गाडी थांबवायची म्हणजे काय! मग एका बाजाराच्या दिवशी माघी शेजारच्या सीटवर बसली होती, तेव्हा तिने विचारलंच.

"तुला काय करायचंय त्या गिरणीचं?"

माघीने सांगितलं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं, त्यात तिच्या बांधावरचा आंबा मुळासकट उपटला. सासऱ्याच्या बापाने लावलेलं झाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. तलाठी बघून गेला, वनखात्याचा माणूस बघून गेला. झाड मालकीचं, वाऱ्याने पडलेलं, कापायला कुणाची हरकत नव्हती. पण कापणार कोण? हाताने मोठी करवत ओढणाऱ्या जोड्या आता राहिल्या नाहीत. जव्हारच्या वखारीत न्यावं तर खोड वर रस्त्यापर्यंत ओढणार कसं? फांद्या सरपणाला गेल्या. खोड तसंच पडून होतं. आणखी एक पावसाळा काढला तर आतून भुसा होणार.

"आणि फळ्या मिळाल्या तर?"

"तर आमचा लक्ष्या घरा येल," माघी म्हणाली.

तिचा नवरा लक्ष्या भिवंडीला सोफ्याचे सांगाडे ठोकायचा. हात चांगला होता. सगळ्या पाड्यांवर घरकुलं उभी राहत होती आणि प्रत्येकाला दार हवं, खिडकी हवी, ती लोकं थेट नाशिकहून आणत होती. होळीला आला तेव्हा लक्ष्या त्या खोडावर बसून म्हणाला होता, एवढ्या फळ्या हाताशी असत्या तर मी कशाला जातो तिकडे मरायला. आणि दुसऱ्या दिवशी गेला.

त्या दिवसापासून रंजनाही रस्त्यावर नजर ठेवू लागली. ट्रॅक्टर दिसला की आधी त्याच्या मागे काय जोडलंय ते बघायचं. पाण्याची टाकी, विटा, पेंढा, डीजेचे भोंगे, सगळं दिसलं. तो लांब गाडा काही दिसला नाही. गाडीतल्या लोकांनाही हा नाद लागला. कुणी म्हणे मोखाड्याला पेट्रोलपंपावर उभी होती. कुणी म्हणे नाही, ती तिकडे विक्रमगडला गेली. एकाने तर जव्हारला दरबारी थाटात जाताना पाहिली म्हणून सांगितलं, ती निघाली उसाच्या रसाची गाडी.

पण यातला एकेक शब्द माघी खरा धरत होती. "मोखाड्याला होती म्हणतात," असं रंजनाने एकदा सांगितलं, तर माघीचा चेहरा उजळला. "मंग येलच हिकडं. वाट करायला होवी."

आणि ती खरंच वाट करू लागली. रस्त्यापासून पाड्यापर्यंत दगडधोंड्यांची पायवाट होती, बैलगाडीही उतरत नसे. माघीने पहार घेतली आणि कडेचे दगड उलथायला सुरुवात केली. शेजारची म्हातारी कोंडी आधी हसली, मग घमेलं घेऊन आली. मग कोंडीच्या सुना आल्या. गिरणी कुठेतरी दिसल्याची बातमी गाडीतून आली की काम जोर धरायचं, आठवडाभर काही ऐकू आलं नाही की मंदावायचं. रंजनाला रोज वरून दिसे: तांबडी माती उघडी पडत चाललेली, वळणावर दगडांची बांधून काढलेली कड.

चैत्र संपता संपता वरच्या विहिरी आटल्या आणि पंचायतीचा टँकर सुरू झाला. तो डांबरी रस्त्यावर उभा राही आणि पाड्यातल्या बायका हंडे घेऊन चढून येत. एक दिवस टँकरचा ड्रायव्हर खाली उतरून ती नवी वाट बघत उभा राहिला. पायाने माती दाबून पाहिली. मग टँकर वळवला आणि हळूहळू थेट पाड्याच्या विहिरीपर्यंत नेला. बायका हंडे घेऊन अर्ध्या चढावर आल्या होत्या, त्या तिथेच बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी माघीने हे सांगितलं तेव्हा रंजना म्हणाली, "बघ, केवढं काम झालं तुझ्या हातून!"

"व्हय," माघी म्हणाली. "गिरणी दिसली का?"

वैशाखात ती दिसली. आणि दिसली ती नको त्या बाजूला तोंड करून.

गाडी खोडाळ्याहून वर चढत होती. घाटातल्या अरुंद वळणावर गौतमभाऊंनी ब्रेक दाबला. समोर ट्रॅक्टर, मागे तो लांब गाडा. खाली चालला होता. रंजना धावत दारातून उतरली.

ट्रॅक्टरवर धनेश नावाचा चाळिशीचा माणूस होता, वाड्याकडचा. डोक्याला रुमाल, भुवयांवर लाकडाचा बारीक भुसा. कसाऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याची झाडं कापून तो घरी परत चालला होता.

"भाऊ, वर एक आंबा पडलाय. बाई किती दिवस तुमची वाट बघतेय."

"मला तर कुणी बोलावलं नाही."

"अहो, तिथे फोन लागत नाही. रोज रस्त्यावर येऊन विचारते, गिरणी दिसली का म्हणून."

धनेशने रुमाल काढून तोंड पुसलं. "ताई, रस्त्यावर दिसण्याचं काय घेऊन बसलात? दिसतो कधी, तर एका कामाहून दुसऱ्या कामाला जाताना. बाकी महिनोन्महिने हे मशीन माझ्या पडवीतच असतं. चार कामं एका बाजूला जमली तर जोडतो, नाहीतर एवढं धूड घाटातून ओढत कोण हिंडेल? रस्त्यात हात दाखवला आणि थांबलो असं होत नाही. एसटी नाही ही."

"मग आता मीच बोलावते आहे असं समजा."

"कुठला पाडा?"

रंजनाने सांगितलं. धनेश हसला. "तो माहितीये मला. तिथे बैलगाडी उतरत नाही."

"आता टँकर उतरतो."

धनेशने तिच्याकडे नीट बघितलं. "टँकर? भरलेला?"

"भरलेला," गाडीच्या खिडकीतून कोंडी म्हातारी ओरडली. ती बाजाराहून परत चालली होती. "आमीच केली ना वाट! ये तू, मी दाखवतां."

धनेश खाली उतरला. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, दरीकडे बघितलं, वळणाकडे बघितलं. "जायचं म्हटलं तरी वळवणार कुठे? मागे गाडा असताना इथे वळत नाही हे."

आता गौतमभाऊ उतरले. इतका वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. "गाडा सोडा," ते म्हणाले. "ट्रॅक्टर एकटा वळेल. गाडा माणसं फिरवतील. एवढी माणसं आहेत की गाडीत."

गाडी रिकामी झाली. गौतमभाऊंनी एसटी मागे घेऊन जागा केली, चाकांना दगड लावले. धनेशने खीळ काढून गाडा मोकळा केला आणि ट्रॅक्टर पुढे-मागे करत फिरवला. मग बाप्ये गाड्याच्या दांडीला भिडले, बायका मागून. धनेश ओरडत होता, "रुळाला हात लावू नका, खालच्या पट्टीला धरा! दरीकडच्यांनी आधी दाबायचं!" रंजनाने तिकिटाचं मशीन पाठीवर सरकवलं आणि कोंडीच्या शेजारी खांदा लावला. गाडा कुरकुरला, जरा सरकला, मग एकदम हलका होऊन फिरला. कुणीतरी शिट्टी मारली. धनेशने खीळ ठोकली तेव्हा सगळ्यांचे हात ग्रीसने काळे झाले होते.

उरलेला घाट एसटी त्या गाड्याच्या मागे मागे चढली. ट्रॅक्टर बैलासारखा चालत होता, ओलांडून जायला जागा नव्हती, सूर्यमाळला गाडी उशिरा पोचणार हे नक्की होतं. गौतमभाऊंनी हॉर्न वाजवला नाही.

माघी थांब्यावर उभी होती. गाडीला उशीर झाला म्हणून वळणाकडे डोळे लावून. तिला आधी ट्रॅक्टर दिसला, मग मागचा गाडा, मग त्यामागून येणारी एसटी. रंजना दारात उभी राहून हात हलवत होती, तिच्याकडे तिने बघितलं नाही. पदर खोचला आणि उतारावरून धावत सुटली, ट्रॅक्टरच्या पुढे, वाटेतला एकेक बारका दगड उचलून बाजूला फेकत.

परतीच्या वाटेवर खोडाळ्याला रेंज आली तसा रंजनाने माघीकडून घेतलेला नंबर लावला. भिवंडीच्या कारखान्यात इतका खडखडाट होता की लक्ष्याला तीनदा सांगावं लागलं.

"कोण बोलतंय?"

"सूर्यमाळच्या गाडीची कंडक्टर. तुमच्या आंब्याच्या फळ्या पडतायत. या."

लक्ष्या म्हणाला, "जाड किती पाडतो तो? त्याला सांगा, दाराला लागतील तशा पाडायच्या. बारीक नको. मी निघालोच."

दुसऱ्या दिवशी तो खोडाळ्याला गाडीत चढला. उंच, किडकिडीत माणूस, खांद्यावर हत्यारांची पिशवी. बसायला जागा असून तो दाराशी उभाच राहिला. सूर्यमाळच्या अलीकडे रस्त्यावरूनच करवतीचा आवाज ऐकू आला, आणि ओल्या-सुक्या आंब्याच्या लाकडाचा वास. गौतमभाऊंनी इंजिन बंद केलं. "पाच मिनिटं," ते कुणाला न विचारता म्हणाले, आणि अर्धी गाडी खाली उतरली.

खोड रुळांमध्ये आडवं पडलं होतं. करवतीचं डोकं धनेश हळूहळू पुढे ढकलत होता, आणि वरची फळी पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. आतलं लाकूड पिवळसर, मध्ये काळपट रेघा. एका टोकाला कीड लागली होती, तेवढा तुकडा कापून टाकला. बाकीचं खणखणीत होतं. लक्ष्याने फळीवर बोटं फिरवली, टोकाला डोळा लावून सरळ आहे का बघितलं.

"सावलीत रचायच्या," तो माघीला म्हणाला. "मधी काठ्या घालून. वारा लागायला होवा."

"किती दिस?"

"पाऊस सरेपर्यंत."

"म्हंजी तवर तू हितंच."

"भाताच्या आवणीला माणूस लागेलच की," लक्ष्या म्हणाला आणि पिशवीतून टेप काढू लागला. माघी तोंड फिरवून भुसा गोळा करायला लागली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते रंजनाला मागून कळलं नाही.

धनेश निघताना रंजनाला म्हणाला, "ताई, या पट्ट्यात अजून कुठे झाडं पडलेली असतील तर बघून ठेवा. चार कामं जमली की मी येतो."

हे काही अवघड नव्हतं. गाडीत नुसतं विचारायचा अवकाश. कुणाचा फणस पडलेला, कुणाची जांभूळ. कापायच्या परवानगीचे कागद कुणाचे झालेत, कुणाचे नाहीत, ते लोक आपणच सांगत. ज्यांचे नसतील त्यांना रंजना आधी तलाठ्याकडे पिटाळायची. पावसाळा संपल्यावर धनेश आला, आणि दिवाळीनंतर पुन्हा आला.

लक्ष्याने पहिलं दार कोंडीच्या घरकुलाला लावलं. ते थोडं घासत होतं. कोंडी दिवसभर ते उघडून मिटून बघत होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की घासतंय तेच बरं, आवाज आला की कळतं कोण आलं ते. लक्ष्याला ते पटलं नाही. त्याने संध्याकाळी रंधा आणला, दार उतरवलं आणि अंगणात आडवं घातलं. माघीने दुसरं टोक धरलं.