हाक मारली की येणारी माणसं

लाल पेनानं बाईंनी अंगठ्यावरच्या येशूवर काट मारली आणि त्या पुढच्या बोटाकडे वळल्या. तर्जनीवर पवित्र मरिया. काट. मधल्या बोटावर रक्षक देवदूत. काट. त्यापुढच्या बोटावर 'आजी' लिहिलं होतं आणि बाजूला एवढासा क्रूस काढला होता, म्हणजे आजी आता नाही. बाईंनी तिच्यावरही काट मारली. करंगळी रिकामीच होती. पान गठ्ठ्याखाली सरकवून त्यांनी पुढचं ओढलं.

चौथीचा वर्ग, अडतीस मुलं, अडतीस पंजे. 'जीवनकौशल्य' नावाचा तास या वर्षी धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून आला होता, आणि शाळेत जे काही नवीन येतं ते चौथीच्या बाईंच्या गळ्यात पडतं, कारण त्या नाही म्हणत नाहीत. बावीस वर्षांत नाही म्हणायची ताकद जमवणंच राहून गेलं होतं. या आठवड्याचा पाठ असा: कागदावर स्वतःचा पंजा ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि पाच बोटांवर पाच माणसं लिहायची. भीती वाटली, दुखलं-खुपलं, कुणी त्रास दिला, तर ज्यांना सांगता येईल अशी. माणूस मोठं हवं, जिवंत हवं, आणि हाक मारली की येणारं हवं. ही अट बाईंनी तीनदा फळ्यावर लिहिली होती. तरी एकानं कुत्रा लिहिला होता आणि एकानं फुटबॉलचा अख्खा संघ पाच बोटांत कोंबला होता. शिपाईमामा नऊ पानांवर होते. बाई चार पानांवर. मोजायचं नाही असं ठरवूनही त्यांनी मोजलं होतं, आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

आणखी पाच-सहा पानं झाल्यावर त्यांचा पेन थांबला. त्यांनी मघाचं पान पुन्हा वर काढलं. लाल रेघांखाली नावं नीट वाचता येत होती. चार नावं, आणि त्यांतलं एकही दाराशी येऊन उभं राहणार नव्हतं. गेल्या आठवड्याचा पाठ त्यांनीच शिकवला होता, वाईट गुपितं आणि चांगली गुपितं. पोर काहीतरी मनात ठेवून बसलं असेल तर ते कोणाला सांगणार?

पान मुंगीचं होतं. हे नाव पोरांनीच पाडलेलं. चणीनं लहान, चालताना पाय वाजत नाहीत आणि तोंडातून ब्र निघत नाही. बाप बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारच्या पाळीला. गेल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा लिहिला होता, 'शांत, समजूतदार, काही त्रास नाही.' त्रास कोणाला नाही, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. आता त्यांना त्या शेऱ्याची लाज वाटली.

उद्या सकाळी मुलीला एकटीला गाठायचं असं ठरवून त्या उठल्या आणि पान तिथेच विसरल्या. दुसरीच्या बाई आजारी, त्यांचा तास घ्यायचा होता. तो आटपून परत येतात तोवर मॉनिटर मुलीनं नेहमीसारखा टेबलावरचा गठ्ठा उचलून वर्गात वाटून टाकला होता. पानं दप्तरांत आणि दप्तरं घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुंगीला एकटीला गाठायला वेळ मिळायच्या आतच, साडेअकराला, सिस्टरांचं बोलावणं आलं. मुख्याध्यापिका सिस्टर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या. समोर मुंगीची आई. तिच्या हातांची कातडी साबणानं पांढरी पडून सोलवटली होती. त्या हातात ते पान होतं.

"या बाई," सिस्टर म्हणाल्या. "आपल्या शाळेत येशूला लाल पेनानं काट मारली जाते, हे मला आजच कळलं. फादरांना कळायच्या आत मिटवू या."

"येशूचं सोडा, सिस्टर," मुंगीची आई म्हणाली. "त्याला सवय आहे. माझ्या सासूबाई जाऊन सात महिने झालेत. पोरीला आजीचा किती लळा होता. तिच्या नावावर अशी काट मारतात का?"

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. खरंच चुकलं होतं, त्यामुळे म्हणायला जड गेलं नाही. "अडतीस पानं होती. बघत बघत गेले आणि हात चालत राहिला."

"आमचेही चालतात हात. चादरी असतात म्हणून बरं."

सिस्टरांनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. प्रकरण इथेच संपलं असतं. माफी झाली होती, टोमणा झाला होता, आणि मुंगीच्या आईला एक वाजता पाळीला हजर व्हायचं होतं. बाईंनाही गप्प बसायचा मोह झाला. पण त्यांना ती रिकामी करंगळी दिसत होती.

"मला एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "यात तुमचं नाव का नाही?"

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना वाटलं, हे आपण बरं विचारलं नाही.

मुंगीच्या आईनं पान उलटं-सुलटं करून पाहिलं. जणू मागच्या बाजूला कुठे लिहिलं असेल.

"राहिलं असेल," ती म्हणाली. "हे काय, करंगळी मोकळीच आहे. वेळ संपला असेल." तिनं सिस्टरांच्या टेबलावरचा पेन उचलला, टोपण काढलं आणि करंगळीवर टेकवलं. "आता मी लिहिते. झालं?"

"नको," बाई म्हणाल्या. "ते तिचं तिनं लिहायचं असतं."

"का? मी आई नाही का तिची?" तिचा आवाज चढला. "रात्री साडेदहाला घरी येते, तशीच उभ्याउभ्या दुसऱ्या दिवसाचा डबा करून ठेवते. गणवेशाला इस्त्री करते. दिवसभर इस्त्रीच करते मी, तरी करते. सकाळी ती उठते तेव्हा मला जाग येत नाही, हे मान्य. तिची ती आवरून येते. शाळेतून आली की शेजारच्या आंटी असतात. माझ्याकडे कधी तक्रार नाही तिची. एक शब्द नाही."

"माझ्याकडेही नाही," बाई म्हणाल्या.

सिस्टरांनी घंटेकडे हात नेला.

"बोलावून घेऊ या का तिला?"

"इथे नको, सिस्टर. इथे आम्हीसुद्धा घाबरतो," बाई म्हणाल्या, आणि सिस्टरांनी हात मागे घेतला.

मुंगीच्या आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

"शाळा कितीला सुटते?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिची मान खाली गेली.

"दोनला."

ती बाहेर गेली. व्हरांड्यातून तिचा फोनवरचा आवाज येत होता. "नाही, आजारी नाही... नाही हो, कोणी गेलं नाही... येत नाही, एवढंच... कापा मग पगार." परत आली ती थेट चौथीच्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसली. बाक नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या मापाचा, तिचे गुडघे पार हनुवटीशी आले. मुंगीची जागा खिडकीच्या कोपऱ्यात, तिथून दार दिसत नव्हतं. बाईंना मात्र फळ्यापाशी उभं राहून दाराच्या फटीतून ती दिसत होती. सुरुवातीला ताठ बसलेली, मग भिंतीला टेकलेली, मग झोपलेली. अपूर्णांक शिकवताना बाईंनी आवाज थोडा खाली आणला. पोरांना वाटलं, बाईंचा घसा बसला.

दोन वाजले. वर्ग रिकामा व्हायला पाच मिनिटं लागली. मुंगी सगळ्यांत शेवटी निघाली आणि दारात थबकली. बाकावरची आई धडपडत उठत होती.

"काय झालं?" मुंगीनं विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "डॅडींना काही झालं?"

"काही नाही झालं गं. मी सहज आले."

"कामाला नाही गेलीस?"

"नाही."

"का? बरं वाटत नाही का तुला?" मुंगीनं आईच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. ते तिनं इतक्या सवयीनं केलं की बाईंना बघवेना. त्या डस्टर घेऊन फळ्याकडे वळल्या. फळा पुसलेलाच होता, तरी त्या पुसत राहिल्या.

"दमली आहेस ना?" मुंगी म्हणाली. "चल घरी. तू झोप. मी गडबड करणार नाही."

"बस इथे."

"घरी चल ना."

"बस म्हणते ना." मग मऊपणानं, "दमलेय मी. खोटं कशाला सांगू? पण दमलं म्हणून ऐकू यायचं बंद होत नाही. सांग मला."

"काय सांगू?"

"जे आजीला सांगायचीस ते."

बाईंचं डस्टर एकाच जागी फिरत राहिलं. बाईंना नको नको ते सुचत होतं. आंटींच्या घरी कोण कोण असतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कोणीतरी त्रास देत असेल तर इथून पुढे काय करायचं, हे त्यांना 'जीवनकौशल्या'च्या पुस्तकामुळे पाठ होतं, पण आत्ता त्यातलं एक वाक्यही आठवत नव्हतं. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि त्या वळल्या.

मुंगीनं तोंडात बोट घालून गाल बाजूला ओढला होता. आई वाकून आत बघत होती. डाव्या बाजूच्या मागच्या दाढेत काळं भोक पडलं होतं आणि हिरडी टम्म सुजली होती.

एवढंच. बाईंनी डस्टर खाली ठेवलं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच शरमही वाटली. डब्याच्या सुट्टीत ही पोर एकाच बाजूनं, सगळ्यांच्या शेवटी, सावकाश खायची. बाईंनी तिला दोनदा वर्गासमोर शाबासकी दिली होती. बघा, याला म्हणतात नीट चावून खाणं.

"अगं, केव्हापासून हे?" आईनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून. रोज नाही दुखत. रात्रीच दुखतं."

"आणि मग काय करतेस?"

"प्रार्थना करते. मग थांबतं कधी कधी."

"मी शेजारीच झोपलेली असते ना गं?" आईचा आवाज फुटला. "हलवायचं मला. उठवायचं."

मुंगीनं बोट बाहेर काढून फ्रॉकला पुसलं. असं काही करता येतं, हे तिला नवीन असावं. तिनं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. वर्गात एखादा नियम नीट कळला नाही की खात्री करून घ्यायला बघावं, तसं.

"किती वाजता उठवू?" तिनं विचारलं.

"दुखेल तेव्हा," आई म्हणाली.